दोन बागांची पेटी

कुंदाताई गेल्याचं मला केंद्राच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर कळलं. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या आमच्या संत्रा पॅकिंग केंद्राच्या शेडमध्ये पहिल्या गाडीतल्या क्रेट उतरत होत्या. व्यवस्थापक साहेबांनी हिंदीत लिहिलं होतं, 'हमारे केंद्र की पूर्व डाटा एंट्री ऑपरेटर कुंता रामटेके का दुखद निधन.' कुंता! बावीस वर्षं जी बाई या केंद्रात राबली, तिचं नावसुद्धा या माणसाला धड लिहिता आलं नाही. आणि डेटा एंट्री ऑपरेटर? केंद्राचा सगळा कारभार ज्या प्रोग्रामवर चालला, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी एकटीनं लिहिलेला. खाली पाच मिनिटांत पस्तीस-चाळीस जोडलेले हात आले. त्यात केंद्र चालवणाऱ्या समितीच्या एकूण एक सदस्याचे हात होते. मी हात जोडले नाहीत. मी फोन बंद करून खिशात टाकला आणि समोरच्या ड्रायव्हरवर उगाचच ओरडलो.

आता सहा आठवडे झाले, तरी राग उतरत नाही. शोकसभेत लोक छान छान बोलले, मला बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय... आणि या रागातला मोठा वाटा माझ्या स्वतःच्या नावावर आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

कुंदाताई सौंसरच्या. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. बी.एससी.नंतर सौंसरच्याच एका टायपिंगच्या क्लासमध्ये त्या कॉम्प्युटर शिकल्या आणि पुढचं सगळं पुस्तकांवरून, डिक्शनरी शेजारी घेऊन. आमच्याकडे त्या आल्या तेव्हा केंद्र नवीन होतं आणि मी शेडचा सुपरवायझर. समितीनं एक कॉम्प्युटर आणला होता, त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. मला वाटलं, ही बाई येईल आणि कव्हर काढून खटखट सुरू करेल. पहिला महिनाभर त्यांनी कव्हरला हातसुद्धा लावला नाही. रोज सौंसरच्या बसनं यायच्या आणि शेडमध्ये पेट्या भरणाऱ्या बायांच्या रांगेत जाऊन बसायच्या. संत्री हातात घ्यायच्या, कोणता माल कुठे जातो ते बघायच्या, वहीत लिहायच्या. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या, "हे मागच्या सालीही असंच होतं का जी?"

मी वैतागलो होतो. म्हटलं, "ताई, मागच्या सालचं काय घेऊन बसल्या? आज जसं चालते तसं टाका नं मशीनमधी." त्या हसल्या. "भाऊ, आज जसं चालते तसं तं कोणीही टाकून देईन. पण मागच्या साली लाकडी पेटी होती, यंदा खोक्याची आली. पुढच्या साली अजून काही येईन. मले हे पाहाचं हाय, की बदलते काय अन् बदलत काय नाई." मला तेव्हा त्यातलं अक्षर कळलं नाही. पुढे क्रेट आल्या, मग डोळ्यांनी निवडायचं ते काम मशीनवर गेलं, प्रतवारीची नावं तीनदा बदलली, दूरदेशीचे व्यापारी नवेनवे कागद मागू लागले. प्रोग्राम प्रत्येक वेळी दोन-चार दिवसांत जुळायचा. शेजारच्या तालुक्यातलं एक केंद्र याच काळात तीनदा नवं सॉफ्टवेअर घेऊन तीनदा आपटलं. आमच्या समितीला वाटायचं, आपलं नशीब चांगलं.

आमच्याकडे मोठे बागवाले आहेत तसे अर्ध्या-पाऊण एकरवालेही आहेत. त्यांचा माल तोलला की शेवटची पेटी हमखास अर्धवट राहते. मग दुसऱ्या छोट्या बागेची उरलेली संत्री त्यातच भरून पेटी पूर्ण करायची, ही शेडची जुनी रीत. कुंदाताईंनी ती पहिल्याच महिन्यात वहीत उतरवली होती. त्यांच्या प्रोग्राममध्ये एका पेटीपुढे दोन बागा लिहिता यायच्या, तीन, चार, लागतील तेवढ्या. बहुतेक पेट्यांना एकच लागायची. मी एकदा विचारलं, शंभरातल्या चार पेट्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? त्या म्हणाल्या, "त्या चार पेट्या गरिबायच्या असतात, भाऊ. ज्याचं सगळं सरळ असते त्याच्यासाठी काही बनवाच लागत नाई."

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. आमच्या सगळ्या कागदांवर छिंदवाडा जिल्हा छापलेला. कागदावरचा जिल्हा चुकला की गाडी नाक्यावर उभी, आणि उभ्या गाडीतलं संत्र कोणाची वाट बघत नाही. मी घाबरून सौंसरला फोन लावला. त्या नेहमीच्या बसनं आल्या, चहा मागवला आणि चहा संपायच्या आत उठल्या. "झालं." मी बघतच राहिलो. त्यांनी प्रत्येक गावापुढे फार पूर्वीच लिहून ठेवलं होतं, हे गाव कोणत्या तारखेपासून कोणत्या तहसिलीत, कोणत्या जिल्ह्यात. फक्त नवी तारीख घालायची होती. जुने कागद काढले तर त्यांवर छिंदवाडाच येत होतं, नव्यांवर पांढुर्णा. म्हणाल्या, "गावं हलत नाईत, पण सरकार हलते. लोधीखेडा ग्रामपंचायत होती, ते आता नगर पंचायत झालं का नाई? तसंच हे." समितीच्या पुढच्या बैठकीत जिल्हा झाल्याचे पेढे वाटले गेले. कुंदाताई नेहमीसारख्या मागे दाराजवळ उभ्या होत्या. बावीस वर्षांत त्या बैठकीत त्यांना कुणी खुर्ची दिली नाही. का दिली नाही हे मला माहीत आहे, समितीला माहीत आहे, आणि त्यांना तर आमच्या सगळ्यांआधी माहीत होतं. मीसुद्धा माझी खुर्ची कधी पुढे सरकवली नाही.

मग नवे व्यवस्थापक आले. त्यांना प्रोग्रामचा चेहरा जुनाट वाटला. मोठ्या शहरातल्या एका कंपनीचा माणूस आला, भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली. संत्र्याचं चित्र गोल गोल फिरत होतं, समिती खूश. कुंदाताईंनी दाराजवळूनच विचारलं, "याच्यात एका पेटीत दोन बागा लिवता येतात का?" तो म्हणाला, "मॅडम, एक बॉक्स, एक बाग. दुनियाभर असंच चालतं. तुम्ही तुमची पद्धत बदला." कुंदाताई म्हणाल्या, "पद्धत बदलाले हरकत नाई साहेब, जिंदगीभर तेच करून राहिली मी. पण अर्ध्या एकराची बाई शेवटची पेटी भरन कशी? तिनं संत्री तोडाची नाई का?" व्यवस्थापक साहेब म्हणाले, "अरे, ये सब छोटी बातें बाद में देखेंगे." समितीतले दोघं हसले. एक कागद फिरवला गेला, शेडच्या कामासाठी नवं सॉफ्टवेअर तपासलं आणि योग्य आढळलं, असा. त्यावर शेडच्या सुपरवायझरची सही पाहिजे होती.

मी सही केली.

काही तपासलं नव्हतं. माझ्यापुढे कागद आला, साहेब बघत होते, समिती बघत होती, मी पेन काढलं. महिन्याभरात कुंदाताईंना सांगितलं गेलं की आता तुमचं काम राहिलं नाही. त्या दिवशी संध्याकाळच्या बसआधी त्या शेडमध्ये आल्या. पेट्या भरणाऱ्या कमलाबाईंनी त्यांना मिठी मारली, बाकीच्या बायका डोळे पुसत होत्या. मी क्रेट मोजायचं नाटक करत होतो. त्या माझ्यापाशी येऊन थांबल्या. "सही काहून केली, भाऊ?" मी म्हटलं, "वरून सांगितलं होतं, ताई." त्यांनी मान हलवली... आणि गेल्या. रडल्या असत्या, दोन शब्द बोलल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात दोन बागांची पेटी समोर आली. पडद्यावर रकाना एकच. बायांनी विचारलं, कोणाचं नाव टाकायचं? मी म्हटलं, "जिचा माल आधी आला तिचं टाका." हे वाक्य माझं आहे. कंपनीचं नाही, साहेबांचंही नाही.

रामाकोन्याच्या गिरजाबाई कायम पहिल्या यायच्या. एकट्या बाईची पाऊण एकराची बाग, माल उन्हं चढायच्या आत पोचावा म्हणून अंधारात टेम्पो भरून निघायच्या. त्या आंबिया बहाराच्या हंगामात आमची एक गाडी दूरच्या व्यापाऱ्यानं परत पाठवली. काही पेट्यांमधल्या संत्र्यांवर बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला होता. साहेबांनी सॉफ्टवेअरला विचारलं, या पेट्या कोणाच्या? सॉफ्टवेअरनं क्षणात उत्तर दिलं, सगळ्या गिरजाबाईंच्या. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकावर छापील पाटी लागली. बाईचं नाव, गावाचं नाव आणि खाली, 'इनका माल नहीं लिया जाएगा.'

गिरजाबाई टेम्पो घेऊन आल्या आणि फाटकाशीच थांबल्या. त्यांना वाचता येत नाही. ड्रायव्हरनं वाचून दाखवलं. त्या माझ्याकडे आल्या. "भाऊ, मी तं त्या दवाईचं नावही ऐकलं नाई. माह्या घरी फवाराचा पंपच नाई, शेजाऱ्याचा मागून आणतो. तुमाले मालूम हाय नं?" मला मालूम होतं. मी म्हटलं, "साहेबांना भेटा." टेम्पो भरलेला परत गेला. पुढच्या पंधरा दिवसांत रामाकोन्यातल्या बायका त्यांच्या बागेच्या धुऱ्यावरून जाताना तोंडाला पदर लावू लागल्या, जशी काही ती बाई लोकांना विष खाऊ घालत होती. झाडावरची संत्री पिकून खाली पडली.

ही गोष्ट सौंसरला कशी पोचली मला माहीत नाही. एका दुपारी कुंदाताई शेडच्या दारात उभ्या राहिल्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, चेहरा अर्धा झालेला. मी विचारलं, तब्येत बरी नाही का? "उन्हाचं बांधलं," म्हणाल्या. मी विश्वास ठेवला. त्यांनी कमलाबाईंना हाक मारली, "बाई, पेट्याच्या चिठ्ठ्या फेकल्या तं नाई नं?" कोण किती आणि कोणत्या नंबरच्या पेट्या भरते, कोणाच्या मालातून भरते, हे बाया आपापल्या चिठ्ठ्यांवर खुणांनी लिहीत. नव्या सॉफ्टवेअरला त्यांचा उपयोग नव्हता, पण कमलाबाईंनी सवयीनं पिशवीत भरून ठेवल्या होत्या. तीन दिवस कुंदाताई रोज बसनं येत होत्या आणि शेडच्या मागच्या ओट्यावर बायांमध्ये बसून एकेक चिठ्ठी लावत होत्या. कोणी खुणेचा अर्थ सांगे, कोणी कोणत्या दिवशी कोणाचा माल आला ते आठवे. मी पाणी नेऊन द्यायचो. मधे मधे त्या डोळे मिटून भिंतीला टेकायच्या.

चौथ्या दिवशी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या, मला म्हणाल्या, "चला." टेबलावर वही ठेवली. "या पेट्यायमधी चार बागायचा माल हाय. हे चार नावं." साहेबांनी वाचली. तिसरं नाव समितीच्या एका सदस्याच्या बागेचं होतं. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "मतलब आप कह रही हैं, दवा उनकी है?" कुंदाताई म्हणाल्या, "मी तसं नाई म्हणत. दवाई कोणाची, हे मले मालूम नाई. तुमालेही नाई. तुमच्या मशीनलेही नाई. मशीनले चार नावं लिवाची जागाच नव्हती, म्हणून तिनं एक सांगितलं. अन् तुम्ही त्या एका नावाची पाटी टांगली." साहेब म्हणाले, आम्ही बघू. कुंदाताई उठल्या नाहीत. "जेवढी मोठी पाटी लावली, तेवढीच मोठी माफीची लावाची. त्याच फाटकावर." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी म्हटलं, "ताई बरोबर बोलून राहिल्या." आयुष्यात एवढ्या उशिरा सापडलेल्या धैर्याचं कौतुक कुणी करू नये.

दुसऱ्या दिवशी पाटी काढलेली होती. कुणी काढली, का काढली, कुणी बोललं नाही. फाटकावर चार खिळे तेवढे राहिले. माफीची पाटी लागली नाही. कुंदाताईंनी तीनदा फोन करून विचारलं, "लागली का?" तिसऱ्या फोननंतर त्या नागपूरच्या दवाखान्यात दाखल झाल्या आणि त्यांना कर्करोग होता, वर्षभरापासून होता, हे मला त्या गेल्यानंतर त्यांच्या भावाकडून कळलं. औषधांच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत त्या बसनं ये-जा करून चिठ्ठ्या लावत होत्या. मला त्यांचाही राग येतो. एक शब्द सांगितला असता तर मी ती पिशवी उचलून सौंसरला नेली असती... नेली असती का? मला आता स्वतःबद्दल खात्रीनं काही म्हणवत नाही.

सौंसरच्या विहारात पुण्यानुमोदनाला केंद्रातर्फे मी आणि पेट्या भरणाऱ्या बाया, एवढेच होतो. समितीनं आपली शोकसभा वेगळी घेतली, केंद्राच्या हॉलमध्ये, फोटोला हार घालून. फोटोसाठी मात्र खुर्ची होती, चांगली गादीची. साहेब म्हणाले, कुंदाजी बहुत मेहनती ऑपरेटर थीं. ज्यांच्या बागेचं नाव तिसरं होतं ते सदस्य म्हणाले, केंद्र त्यांना कधी विसरणार नाही. तेवढ्यात मागून गिरजाबाई उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाल्या, "माह्या नावाची पाटी लावली तवा साऱ्या गावानं वाचली. काढली तवा कोणालेच दिसली नाई. त्या बाईनं माह्यासाठी जीव आटवला. तुमी हार घालून राहिले, तं एक कागद बी लिवा." साहेब मोबाइल बघू लागले. मी उठलो, ऑफिसमधून कागद आणि जाड पेन आणलं आणि तिथंच टेबलावर लिहिलं की गिरजाबाईंवर केंद्रानं चुकीचा ठपका ठेवला, त्या पेट्यांमध्ये चार बागांचा माल होता, आणि एकाच बागेचं नाव लिहायला सांगणारा मी, शेडचा सुपरवायझर. खाली सही केली. त्याच चार खिळ्यांना कागद लावला. सकाळी तो फाडलेला होता. मी दुसरा लावला. तो फाडला, तिसरा लावला. चौथ्या दिवशी मला नोटीस मिळाली, शिस्तभंगाची. तिसरा कागद मात्र कुणी फाडला नाही, कारण कमलाबाई आणि दोघी-तिघी आता डबा खायला फाटकाशीच बसतात.

गिरजाबाईंचा माल या बहारात पुन्हा येऊ लागला आहे. कंपनीनं कळवलंय की एका पेटीत अनेक बागा लिहिण्याची सोय 'पुढच्या आवृत्तीत' येईल.

मागच्या आठवड्यात जुने कागद बघायचे म्हणून मी कुंदाताईंच्या खोलीत गेलो. जुना कॉम्प्युटर तिथं अजून आहे, जुन्या नोंदी दाखवायला ठेवलेला. प्रोग्राम उघडला आणि चुकून एका पानावर गेलो, जे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्यांच्या प्रोग्राममध्ये कोणतीही व्यवस्था बदलायची झाली की तो एक प्रश्न विचारायचा, 'काहून?' उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जायचा नाही, आणि लिहिलेलं उत्तर कुणालाच, त्यांना स्वतःलाही, पुसता यायचं नाही. खाली नवी ओळ तेवढी जोडता यायची. बावीस वर्षांची उत्तरं तिथं ओळीनं होती. 'लाकडी पेटी बंद झाली म्हणून.' 'जिल्हा नवा झाला म्हणून.' 'कमलाबाईले बारीक अक्षर दिसत नाही म्हणून.' 'मी चुकली होती म्हणून.' हे शेवटचं तर कितीदा होतं. मी वाचत वाचत तळाशी आलो. प्रोग्राम कायमचा बंद करताना शेडच्या सुपरवायझरकडून लिहून घेतलेलं उत्तर तिथं होतं, माझ्या नावासकट. मी ते लिहिल्याचं विसरूनही गेलो होतो. 'वरून आदेश.'

मी त्याच्या खाली नवी ओळ घेतली आणि लिहिलं, 'भ्यालो म्हणून.'

प्रोग्रामनं ते घेतलं. आणि पडद्यावर एक चौकट आली. प्रत्येक उत्तरानंतर येत असणार, आम्ही न वाचता बंद करत आलो असणार. आत त्यांच्या बोलण्यासारखंच लिहिलं होतं, 'अजून काही सांगाचं हाय का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही.

मी 'हो' दाबलं.